शीतलताईच्या साखरपुड्यात मुक्ताला दम लागला

आमच्या घरात मुक्ताच्या दुखण्याला बरीच नावं होती. आई म्हणायची, "तिला सर्दी लवकर होते." पप्पा म्हणायचे, "छाती जरा नाजूक आहे." गावाकडं मोठी आई, म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणायची, "कफाची प्रकृती हाय पोरीची." शेजारच्या काकू स्वतःला शिकलेल्या समजायच्या, त्या ॲलर्जी म्हणायच्या. दमा हा शब्द मात्र कुणी काढायचा नाही. डॉक्टरबाईंनी तो पहिल्यांदा उच्चारला तेव्हा आईनं दाराकडं वळून पाहिलं होतं, बाहेर बाकावर ओळखीचं कुणी बसलंय का म्हणून. मला तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं. पुढं त्याचाच इतका राग येत गेला की आजही ती आठवण आली की माझ्या कपाळावर आठी पडते.

मुक्ता माझी धाकटी बहीण. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. मी अकरावीला होते तेव्हा ती नुकती पहिलीत जायला लागली होती. आम्ही बजाजनगरात राहायचो, दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यावर पप्पांची मोटारसायकल. पप्पा वाळूजच्या एका कंपनीत पाळीनं कामाला होते. पहाटे पहिल्या पाळीच्या बसचे हॉर्न, मग कुठल्यातरी कंपनीचा भोंगा, मग समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पडलेल्या वाळूच्या ढिगाऱ्यावर येणारे गाढववाले, असा आमचा दिवस सुरू व्हायचा. या सगळ्या आवाजांत मला एक आवाज वेगळा ऐकू यायचा. तो मुक्ताच्या छातीतला. श्वास बाहेर सोडताना बारीक शिट्टी वाजायची, दाराच्या फटीतून वारं आल्यासारखी. मी अभ्यासाला बसलेली असायचे आणि ती माझ्या पाठीशी भिंतीला टेकून बाहुलीशी बोलत असायची. पुस्तकातून डोकं वर न काढता मला कळायचं, आज हिचं बरं नाही.

तिच्यामुळं आमचं खाणंपिणंसुद्धा बदललं होतं. आईच्या हातचा ठेचा सगळ्या गल्लीत नावाजलेला, पण तव्यावर मिरच्या टाकल्या की मुक्ता खोकून खोकून लाल व्हायची. म्हणून ठेचा बंद झाला. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याच्या पिठाची आमटी चालायची, तीही फोडणी देताना मुक्ताला ओट्यावर पाठवून. पप्पा भाकरीबरोबर नुसती शेंगदाण्याची चटणी खाताना मोठ्यानं सुस्कारा सोडायचे. आणि एवढं सगळं पाळणाऱ्या घरात रोज संध्याकाळी देवापुढं दोन उदबत्त्या आणि धूप, आणि पलंगाखाली डासांची कॉइल. मी म्हणायचे, "आई, मिरचीचा ठसका लागतो तर धूर लागत नसेल का?" आई म्हणायची, "देवाच्या धुरानं काय व्हतं गं!" मी उदबत्ती विझवायचे, ती परत लावायची. केळी, दही, पेरू, काकडी यांच्यावर कडक बंदी होती. डॉक्टरबाईंनी यांतलं काहीही बंद करायला सांगितलेलं नव्हतं. त्यांनी बंद करायला सांगितला होता धूर.

या डॉक्टरबाई फार कमी बोलायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी दोन पंप लिहून दिले आणि एक प्लास्टिकची लांबट बाटली, जिच्या एका टोकाला पंप लावायचा आणि दुसऱ्या टोकाला नाका-तोंडावर बसणारा मास्क. एक पंप रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. दुसरा निळा, फक्त दम लागला तर. आई आणि पप्पा दोघंही माना डोलवत होते. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "तू इकडं ये." त्यांनी मुक्ताचा फ्रॉक वर केला आणि माझं बोट तिच्या फासळ्यांवर ठेवलं. "इथली कातडी श्वास घेताना आत ओढली गेली, गळ्याच्या खालचा हा खळगा आत गेला, तर नुसती सर्दी समजायची नाही. निळा पंप बाटलीतून द्यायचा, थोडं थांबायचं, परत द्यायचा. त्यानं उतरलं नाही, किंवा उतरून लगेच परत चढलं, तर घरात बसायचं नाही. आणि बोलणं ऐकायचं. एक आख्खं वाक्य एका श्वासात बोलता येत नसेल तर सरळ निघायचं." मग दाराशी गेल्यावर त्यांनी मला पुन्हा हाक मारली. "शिट्टी वाजते तोवर हवा जाते-येतेय. पोर धडपडतंय आणि शिट्टी बंद झालीय, तर ते बरं झालेलं नसतं. तेव्हा सगळ्यात जास्त घाई करायची."

हे मी त्या दिवशी ऐकलं आणि माझ्या मनात ते पक्कं बसलं. घरात मात्र कुणाच्याच मनात काही बसलं नाही. रोजचा पंप दोन-तीन महिने चालला. मुक्ता छान झाली. शाळेत पळायला लागली, गाल भरले. आणि ती छान झाली म्हणूनच पंप बंद झाला. गावाहून मोठी आई आली होती, तिनं पंप पाहिला आणि कपाळाला हात लावला. "एवढ्याशा लेकराला पंप? सवय लागंल तिला. जन्माची सवय! आन् पोरीची जात हाय. उद्या कुणी बघायला आलं तर काय सांगशील, पंप घेती म्हनून?" दुसऱ्या दिवशीपासून रोजचा पंप कपाटात वरच्या फळीवर गेला. मी विचारलं तर म्हणाली, "बरी हाय की आता. खामखा औषध कशाला?" मी पप्पांकडं गेले. पप्पांचा पंपावर विश्वास नव्हताच. त्यांचा विश्वास सुईवर होता. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सुई दिली की मुक्ता तासाभरात मोकळी व्हायची, पप्पांना तेवढं पुरे होतं. "सुईनं बरं वाटतंय ना? मग झालं तर." मी म्हणायचे, "पप्पा, परत परत होतंय म्हणजे बरं कुठं झालंय?" ते पेपर उघडायचे.

आता मी एका शाळेत शिकवते. गेल्याच महिन्यात एका आईनं मुलाच्या दप्तरातून पंप काढून माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, लागला तर बाथरूममध्ये नेऊन द्या. मुलांसमोर नका काढू." नोकरी करणारी बाई, गाडी चालवत आलेली. मी तिला नीट समजावून सांगायला हवं होतं. पण माझा आवाज चढलाच. मुख्याध्यापिका बाईंनी मला नंतर विचारलं, एवढं चिडण्यासारखं काय होतं त्यात. त्यांना काय सांगणार?

तर शीतलताईचा साखरपुडा. शीतलताई मोठ्या आईची मुलगी. देवगाव रंगारीला तात्यांच्या, म्हणजे आमच्या थोरल्या काकांच्या घरी कार्यक्रम होता. दिवाळी होऊन गेली होती. मुलगा सिल्लोडचा, शिक्षक, घरचं चांगलं. मोठी आई त्या दिवसांत मनातून फार घाबरलेली होती, आणि तिच्या भीतीला कारण होतं. त्याआधी शीतलताईचं एक लग्न जमत आलेलं मोडलं होतं. कुणीतरी जाऊन तिकडं सांगितलं होतं की यांच्या नात्यात एकाला अंगावर पांढरे डाग आहेत. खोटंही नव्हतं, लांबच्या एका चुलत मामाला होते. तेवढ्यावरून मोडलं. शीतलताई महिनाभर जेवायला सगळ्यांबरोबर बसली नव्हती. त्यामुळं मोठ्या आईनं आईला आधीच फोनवर बजावलं होतं, "पोरीचं ते पंपाचं पाव्हण्यांसमोर नगं बाई. हात जोडते." हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की पिशवी भरताना आईनं निळा पंप रुमालात गुंडाळून घेतला आणि बाटली घेतली नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात मांडव पडला होता, चुलाणावर वांग्याची भाजी रटरटत होती, बुंदीची परात एकाच्या डोक्यावरून आत चालली होती. घरातली मधली खोली कापसानं भरलेली होती. भाव यायची वाट बघत कापूस तसाच ठेवलेला, माझ्या कमरेएवढा. आणि पोरं त्यात उड्या मारत होती. मुक्ताला गावाकडं येऊन सगळ्यात जास्त आनंद व्हायचा तो या पोरांचा. मी शीतलताईच्या साडीच्या निऱ्या धरत होते, तेवढ्या वेळात ती त्या कापसात जाऊन लोळून आली. बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत, पापण्यांवर, फ्रॉकच्या लेसवर कापसाचे पुंजके आणि बारीक धूळ होती, आणि ती हसत होती. मी तिला झटकलं, तोंड धुतलं, परत जायचं नाही म्हणून दम भरला. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पाहुणे आले, कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या, फोटो झाले. पंगत बसली. तेव्हा मुक्ता माझ्याजवळ आली आणि माझ्या ओढणीला धरून उभी राहिली. शिट्टी मला लांबूनच ऐकू आली होती.

"मुक्ता, परत गेलीस का कापसात?"

"नाय... मी नाय... गेले," ती म्हणाली. एवढ्या चार शब्दांना तिला मध्ये श्वास घ्यावा लागला.

मी तिला उचललं आणि आईला शोधलं. आई पुऱ्यांच्या घाण्यापाशी होती. तिनं मुक्ताकडं पाहिलं, पदरानं हात पुसले, पिशवी घेतली आणि आम्हाला ओढत त्याच कापसाच्या खोलीत नेलं. दार लावून घेता येईल आणि आत माणसं नसतील अशी तेवढीच एक खोली होती.

"आई, इथं नको. इथंच तर हिला झालंय."

"मग कुठं देऊ? मांडवात?"

"बाटली दे."

"नाय आणली."

"का?"

"एवढी मोठी बाटली पिशवीतून दिसती, वर्षा," आई रडवेल्या आवाजात म्हणाली. "दे तशीच तोंडात. काय व्हत नाय."

पंप थेट तोंडात धरला की दाबायची आणि श्वास आत ओढायची वेळ जुळावी लागते. मोठ्या माणसाला जमत नाही ते पहिलीतल्या पोरीला कुठून जमणार, तेही दम लागलेला असताना. आईनं दाबलं, आणि पांढरी वाफ मुक्ताच्या ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मुक्ता घाबरून मान फिरवायला लागली. मी आईच्या हातातला पंप ओढून घेतला, मुक्ताला कडेवर घेतलं, मागचं दार लाथेनं उघडलं आणि पाण्याच्या टाकीजवळ सावलीत जाऊन बसले. एकदा आम्ही दवाखान्यात बाटली न नेता गेलो होतो, तेव्हा डॉक्टरबाईंनी कागदी ग्लासाला बुडाशी भोक पाडून त्यातून पंप दिलेला मी पाहिला होता. इथं टाकीजवळ पंगतीचे प्लास्टिकचे ग्लास होते. तिथंच भाजी चिरून ठेवलेल्या विळीच्या टोकानं मी एकाला भोक पाडलं, पंपाचं तोंड त्यात बसवलं, ग्लास तिच्या नाका-तोंडावर धरला. "मुक्ता, माझ्याकडं बघ. नुसता श्वास घे. पळायचं नाही, बोलायचं नाही, नुसता श्वास." एक दाब. ती पाच-सहा श्वास घेईपर्यंत थांबायचं. मग दुसरा. असं करत गेले. हळूहळू तिचे खांदे जरा खाली आले. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात मोठी आई आली. तिचा चेहरा घामानं भरलेला, नवी साडी, हातात ओवा भाजून बांधलेलं फडकं. तिनं मुक्ताच्या गालावरून हात फिरवला, इतक्या मायेनं की मला तिच्यावर धड चिडताही येईना. "माझी बाय ती. आडवी कर तिला, छाती शेकते. निजली की बसंल दम."

"मोठी आई, तिला आडवं नाही करायचं. बसूच दे."

"तुला लई कळतं गं!"

मुक्ता आडवी व्हायला तयारच नव्हती. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले होते आणि पुढं वाकून बसली होती, मान वर करून. मी पुन्हा ग्लासातून पंप दिला. या वेळी काही फरक पडला नाही. मी फ्रॉक वर केला. फासळ्यांमधली कातडी आत जात होती, गळ्याचा खळगा प्रत्येक श्वासाला खोल होत होता.

"आई, निघू या. पप्पांना सांग."

आई गेली आणि परत आली. "ते म्हनाले, पाव्हणे जेवून उठू दे, मग बघू."

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, मुक्ताला जरा बरं नाय."

जरा! मला ओरडावंसं वाटलं. बहिणीला श्वास घेता येत नव्हता आणि माझी आई पाहुण्यांच्या कानावर जाईल म्हणून नवऱ्याला सुद्धा जरा म्हणून सांगत होती. मी काही बोलणार एवढ्यात मोठी आई म्हणाली, "बघा, बसला की नाय दम? आवाज थांबला."

शिट्टी खरंच थांबली होती. मी मुक्ताकडं पाहिलं. छाती वर-खाली होतच होती, उलट आधीपेक्षा जास्त जोरात, पण आवाज कसलाच नव्हता. मी कान तिच्या पाठीला लावला. आत काही ऐकू येईना. तिचे ओठ जांभळट दिसत होते. मी म्हटलं, "मुक्ता, माझं नाव सांग." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. नाव सांगितलं नाही. त्या नजरेत ती मला काही मागत होती असंही नाही. ती फक्त श्वास घेत होती, दुसऱ्या कशाला तिच्याकडं जागाच नव्हती.

मी तिला आईच्या मांडीवर बसवलं आणि मांडवात गेले. पंगत ऐन रंगात होती. तात्या व्याह्यांना आग्रह करत होते. पप्पा बुंदीचं ताट घेऊन वाढत होते, नवा शर्ट, खांद्यावर उपरणं. मी पंगतीच्या मधून चालत गेले, कुणाच्या तरी पत्रावळीला पाय लागला असेल.

"पप्पा, चला. मुक्ताला दवाखान्यात न्यायचंय."

"आलोच. तू व्हय आत."

"आलोच नाही. आत्ता."

तात्या हसत म्हणाले, "अगं पोरी, जरा सर्दी झालीय तिला, जा, आत जा तू."

आणि मग मी ते म्हटलं. मोठ्यानं, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं. "सर्दी नाही, तात्या. तिला दमा आहे. पंप दिला, लागू होत नाही. तिचे ओठ जांभळे पडलेत."

पप्पांनी ताट खाली ठेवलं, पण ते जागचे हलेनात. माझ्याकडं बघत राहिले, मी काय केलं हे त्यांना अजून नीट समजलं नव्हतं. तात्यांची मान खाली गेली. आणि पाटावरून नवरदेव उठला. प्रशांत त्याचं नाव. उष्टा हात तसाच, कपाळाला कुंकवाचा टिळा, गळ्यात हार. "माझी गाडी पुढंच लावलीय," तो म्हणाला. "कुठंय पोरगी?"

त्यानं गळ्यातला हार काढून पाटावर टाकला आणि माझ्या मागं धावत आला. आम्ही गाडीत बसलो, मी मुक्ताला उभं धरून, शेजारी आई, पुढं पप्पा. प्रशांतनं विचारलं, "कुठं घेऊ?"

"औरंगाबादला," पप्पा म्हणाले. "आमच्या डॉक्टरबाई तिकडं हायेत."

"नाही," मी म्हटलं. "इथल्या सरकारी दवाखान्यात. आधी तिथं."

"इथं काय असणारै, वर्षा? शहरात नेऊ, सगळी सोय—"

"ऑक्सिजन असेल, पप्पा! तासाभराचा रस्ता आहे, तेवढं ती नाही काढणार!"

प्रशांतनं आरशातून एकदा मागं पाहिलं. मुक्ताकडं पाहिलं असावं. मग पप्पांना काही न विचारता त्यानं गाडी गावाच्या दवाखान्याकडं वळवली. मला आजवर भेटलेल्या माणसांत एवढ्या कमी वेळात एवढं शहाणपण दाखवणारा दुसरा माणूस मला आठवत नाही. पुढं तो आमचा जावई झाला. त्याच्याशी माझे वाद खूप झाले, बहुतेक राजकारणावरून, पण त्या वळणासाठी मी त्याचं सगळं ऐकून घेते.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं मुक्ताला पाहिलं आणि कागद-बिगद काही न मागता आत घेतलं. ऑक्सिजनचा मास्क, वाफेचं मशीन, सुई, सगळं भराभर झालं. करता करता तो विचारत होता, "कधीपासून? पंप कुठला दिला? कितीदा? रोजचा चालू आहे का?" पप्पा आईकडं बघायचे, आई माझ्याकडं. मी सांगत गेले. बराच वेळ काही झालं नाही. मग एकदम, मशीनच्या घरघरीखालून, ती बारीक शिट्टी परत सुरू झाली. मी भिंतीला टेकून खाली बसले. आई घाबरून म्हणाली, "अगं बाई, परत वाजायला लागलं!" आणि मला इतकं हसू आणि इतकं रडू एकदम आलं की मला काही सांगता येईना. डॉक्टरच म्हणाला, "वाजू द्या, ताई. वाजतंय ते चांगलंय." मग पप्पांना म्हणाला, "आधी इथं आणलंत ते बरं केलंत. आता जरा सावरली की रुग्णवाहिकेनं शहरात पाठवतो." पप्पांनी मान हलवली. माझ्याकडं पाहिलं नाही.

शहरातल्या दवाखान्यात मुक्ता काही दिवस होती. मोठी आई भेटायला आली, डाळिंबं घेऊन. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं विचारलं, "काय झालंय हो पोरीला?" मोठी आई सवयीनं म्हणाली, "निमोनिया." आई मुक्ताला पेज भरवत होती. तिनं चमचा वाटीत ठेवला आणि म्हणाली, "निमोनिया नाय, वहिनी. दमा हाय तिला." मग त्या बाईकडं वळून, "रोजचा पंप मी बंद केला होता. आता नाय करणार." मोठी आई डाळिंब सोलत राहिली. जाताना मात्र माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, आणि तो हात जरा जास्त वेळ तिथं थांबला असं मला वाटलं.

साखरपुडा मोडला नाही. पाहुण्यांनी जेवण पुरं केलं होतं, सुपारी घेतली होती आणि प्रशांतच्या आईनं निघताना पोरीची चौकशी केली होती. जी गोष्ट लपवायला आम्ही पंप रुमालात गुंडाळला, बाटली घरी ठेवली, पोरीला धुळीत कोंडलं, त्या गोष्टीची त्या लोकांना काडीची फिकीर नव्हती. मला याचा आनंद व्हायला हवा होता. मला अजूनही त्याचा संतापच येतो.

आणि नात्यागोत्यात काय राहिलं? "वर्षानं भर मांडवात तमाशा केला." हेच वाक्य मी पुढं कितीतरी लग्नांत ऐकलं, हसत हसत सांगितलेलं. कुणी म्हणायचं देवानं राखलं, कुणी म्हणायचं ओव्याच्या शेकानं कफ सुटला होता म्हणून निभावलं. मी सुरुवातीला भांडायचे, मग सोडून दिलं. मुक्ताला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नाही. ती पुण्याला असते, बँकेत आहे, पर्समध्ये पंप लिपस्टिकच्या शेजारी ठेवते, आणि मी जास्त विचारपूस केली की फोन ठेवते.

पप्पा माझ्याशी बरेच दिवस धड बोलले नाहीत. रागावलेले होते असंही नाही. डबा घ्यायचे, कामावर जायचे, परत आल्यावर मुक्ताला जवळ घेऊन बसायचे. मी समोर आले की उठायचे. मला वाटायचं, एकदा तरी म्हणावं की वर्षा, तुझं बरोबर होतं. मी वाट पाहिली. ते त्यांनी कधीच म्हटलं नाही, अगदी शेवटपर्यंत नाही.

पण त्या थंडीतली एक संध्याकाळ आहे. पप्पा पहिल्या पाळीवरून येऊन अंघोळ करून बसले होते. आई शेजारी गेली होती. मी आतल्या खोलीत गणितं सोडवत होते. मुक्ताला खोकला लागलेला मला ऐकू येत होता, आणि मी मुद्दाम उठले नाही. बघू, यांना काय करायचंय ते करू दे, असं माझ्या मनात होतं. मग पप्पांनी हाक मारली.

"वर्षा. जरा ये गं."

मी दारात गेले. त्यांनी मुक्ताला पलंगावर उभं केलं होतं, फ्रॉक वर धरला होता आणि डोळ्यांवर चष्मा चढवून ते तिच्या छातीकडं अगदी जवळून बघत होते, कंपनीत एखादा पार्ट बघावा तसे.

"ही कातडी आत चाललीय का?" त्यांनी विचारलं. "मला नीट समजंना. तू दाखव एकदा."

मी दाखवलं. बोट ठेवून दाखवलं, गळ्याचा खळगा दाखवला, आत्ता तो आत जात नाहीये हे दाखवलं. मुक्ताला गुदगुल्या झाल्या, ती हसली आणि एका दमात म्हणाली, "पप्पा, तुमचा हात किती गार आहे!" मी म्हटलं, "बघा, वाक्य तुटलं नाही. निळा पंप देऊ, थोडं थांबू. नाही उतरलं तर निघू."

मी बाटलीतून पंप दिला. उतरायला वेळ लागणार नाही हे मला दिसत होतं, तसं मी सांगितलंही. पप्पा हो म्हणाले. मग ते उठले, मघाशीच काढून ठेवलेले कामाचे बूट त्यांनी परत पायात घातले, नाड्या आवळल्या, मोटारसायकलची किल्ली हातात घेतली आणि ओट्यावर जाऊन बसले. आई आली, तिनं विचारलं, "कुठं निघालात?" ते म्हणाले, "कुठं नाय." मुक्ता जेवली, गोष्ट ऐकून झोपली, तिचा श्वास अगदी मोकळा झाला, तरी ते बूट घालून तिथंच बसलेले होते.